वायंगण भात: लावणीची वही, पाण्याची पाळी आणि भावाचा हिशेब

गोव्यात पावसाळी भात म्हणजे सरद, आणि पाऊस सरल्यावर पाटाच्या, व्हाळाच्या (ओढ्याच्या) किंवा तळ्याच्या पाण्यावर घेतले जाते ते वायंगण. पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, लावणी डिसेंबर-जानेवारीत, कापणी मार्चअखेर ते एप्रिल. सरदाला पाऊस सगळ्यांच्या शेतात एकदमच पडतो. वायंगणात पाणी पाळीने येते, कापणीचे यंत्र पाळीने येते, आणि दोन्ही पाळ्या चुकल्या की भात खळ्यावर येण्याआधीच त्याचा भाव घसरलेला असतो. म्हणून आपल्या कोपऱ्याची लावणी कुठवर आली एवढेच पाहून भागत नाही. एका पाटावरच्या सगळ्या शेतांची लावणी कुठवर आली, हे दर आठवड्याला लिहून ठेवावे लागते.

तारखा कापणीपासून मागे मोजा

बहुतेक जण पेरणीपासून पुढे मोजतात. वायंगणात उलटे करा. पाटाचे किंवा व्हाळाचे पाणी खात्रीने कधीपर्यंत मिळेल ती तारीख आधी ठरवा आणि तिथून मागे या.

गोव्यात ‘ज्योती’ (लाल दाणा) आणि ‘जया’ (पांढरा, जाड) ही दोन वाणे सर्वाधिक चालतात. ज्योती साधारण ११० ते १२५ दिवसांत येते, जया त्याहून आठ-दहा दिवस जास्त घेते. डिसेंबर-जानेवारीच्या गारव्यात रोप सुस्त वाढते, सत्तरी-सांग्याच्या डोंगराकडच्या गावांत तर जास्तच. त्यामुळे पाकिटावरच्या दिवसांत पाच ते दहा दिवस मिळवून हिशेब करा.

१ डिसेंबरला पेरलेली ज्योती १२० दिवसांची धरली तर तारखा अशा पडतात: लावणी २६ डिसेंबरच्या आसपास (२५ दिवसांचा तरवा, म्हणजे रोपवाटिकेतली रोपे), पहिला युरिया १० जानेवारी, पोटात लोंबी धरण्याची सुरुवात २५ ते ३० जानेवारी, निम्मे शेत फुलोऱ्यात १ मार्च, पाणी तोडणे २१ मार्च, कापणी ३१ मार्च. लोंबी धरण्यापासून दाण्यात दूध भरेपर्यंतचे साधारण दीड महिन्याचे दिवस पाण्याला सर्वांत नाजूक. पाट दुरुस्तीसाठी बंद होणार असेल तर तो याच दिवसांत बंद होणार नाही ना, हे पेरणीच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

डिसेंबरची २० तारीख उलटली आणि पेरणी व्हायची असेल, तर जया सोडा. फुलोरा मार्चच्या उकाड्यात जातो, परागीभवन नीट होत नाही आणि लोंबीत पळंज (पोचट दाणे) वाढते. शिवाय तोवर लहान व्हाळ आटायला लागतात.

लावणीची वही

एका पाटावरची किंवा एका बंधाऱ्याखालची शेते हा एक गट धरा. दहा शेतकरी असोत की पन्नास, एक वही पुरते. रकाने असे: शेतकरी, सर्व्हे नंबर व उपविभाग, वाण, प्रत्यक्ष लावायचे क्षेत्र (चौरस मीटरमध्ये), तरवा टाकल्याची तारीख, चिखलणी, लावणी, नांग्या (रोप न धरलेल्या रिकाम्या जागा) भरल्याची तारीख, निम्मा फुलोरा, अंदाजे कापणी.

क्षेत्र एक-चौदाच्या (जमीन नोंदीच्या) उताऱ्यावरून उचलू नका. उताऱ्यात मेरा (बांध), वाट, पडीक कोपरा सगळे धरलेले असते. उताऱ्यावर १२०० चौरस मीटर आणि प्रत्यक्षात लावलेले ९५०, असे सर्रास होते. पाण्याची, बियाण्याची आणि यंत्राची मागणी या आकड्यावरून ठरते, म्हणून टेपने मोजा.

टक्केवारी काढताना लावून झालेले क्षेत्र भागिले गटाचे एकूण लावायचे क्षेत्र, गुणिले १००. फक्त लावून झालेले मोजा. तरवा टाकला म्हणजे लावणी झाली असे धरण्याची सवय गावोगाव आहे. मग कागदावर ८० टक्के आणि शेतात ५०. थेट पेरणी केलेल्या (बी फोकलेल्या) शेतांचा आकडा वेगळा ठेवा, कारण तरव्याचे ते २०-२५ दिवस तिथे वेगळे मोजायचे नसतात आणि भात थोडे लवकर पिकते.

गटातली सगळी लावणी १० ते १५ दिवसांच्या आत उरकली पाहिजे. हा आकडा हट्टाने पाळण्यासारखा आहे. मागे राहिलेल्या शेतात खोडकिड्याची पुढची पिढी उतरते, आधीची शेते कापली गेली की पाखरे आणि डुकरे तिथेच जमतात, आणि कापणी यंत्र एका हजार चौरस मीटरच्या शेतासाठी परत येत नाही.

बियाणे आणि तरवा

१००० चौरस मीटरला लागणारे बियाणे: हाताने लावणीसाठी ४ ते ५ किलो, यंत्राने लावणीसाठी २.५ ते ३ किलो, मोड आलेले बी चिखलात फोकायचे असल्यास ६ ते ८ किलो. घरचे बियाणे असेल तर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाका. तरंगते ते काढून कोंबड्यांना घाला, बुडालेले स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्या. मीठ राहिले तर मोड जळतो. मग किलोला १० ग्रॅम स्युडोमोनास किंवा ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा.

२४ तास भिजत ठेवून पाणी निथळा, ओल्या गोणपाटात बांधा आणि वर पेंढा टाकून दडपा. थंडीच्या रात्री मोड यायला ३६ ते ४८ तास लागतात. दोन दिवसांतही मोड दिसला नाही तर बियाण्याला दोष देण्याआधी गोण उघडून हात घाला: आत गार लागले तर ऊब कमी पडली आहे, कोमट पाणी शिंपडा. गरम आणि आंबूस वास आला तर उलट, गठ्ठा फार मोठा बांधला गेला. पाच किलोपेक्षा मोठा गठ्ठा बांधू नका.

खाजन (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या) शेतीसाठी ओल्ड गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुट या स्थानिक वाणातून निवडलेली ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ ही खारे पाणी सोसणारी वाणे आहेत. ती मुख्यतः सरदासाठी. वायंगणात मानसीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खारे पाणी झिरपणाऱ्या शेतात लावायचेच असेल तर आधी पाण्याचा क्षार मोजून घ्या. मीटरवर २ डेसिसायमनच्या वर गेले तर तरवा आणि फुलोरा या दोन्ही अवस्थांत फटका बसतो. जिभेवर खारट लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. डिसेंबरात गोडे असलेले नदीचे पाणी फेब्रुवारीत भरतीबरोबर खारे होते, म्हणून मोजणी एकदाच करून चालत नाही.

चिखलणी आणि लावणी

सरदाची धसकटे दोन आठवडे तरी कुजायला हवीत. घाईत चिखलणी करून लगेच लावले तर कुजणाऱ्या धसकटांमुळे रोप पिवळे पडते, आणि मग युरिया टाकूनही हिरवे होत नाही. आपली जांभ्याची माती आंबट. पाण्यावर तांबूस तेलकट तवंग आणि जुन्या पानांच्या शेंड्याकडून तपकिरी ठिपके दिसले तर लोहाचा जास्तपणा आहे. पाणी काढून दोन-तीन दिवस शेत सुकू द्या, मग ताजे पाणी घ्या. चुना टाकायचा तो माती परीक्षणाच्या अहवालावरून, आणि लावणीच्या किमान दोन आठवडे आधी. युरियासोबत चुना टाकणे म्हणजे नत्र हवेत सोडणे.

यंत्राने लावणी करणार असाल तर चटई रोपवाटिका करा: ट्रेमध्ये २ सेंटिमीटर जाड चाळलेली माती, ट्रेमागे १०० ते १२० ग्रॅम मोड आलेले बी, १००० मीटरला २० ते २५ ट्रे. रोप १४ ते १८ दिवसांचे, तीन पानांचे झाले की चटई गुंडाळून उचलता आली पाहिजे. गुंडाळताना तुटली तर मुळे अजून धरलेली नाहीत, दोन दिवस थांबा. चिखलणीनंतर चिखल बसू द्या: रेताड खेर जमिनीत एक दिवस, चिकण जमिनीत दोन ते तीन. तपासायचे कसे? बोटाने चिखलात रेघ ओढा. रेघ तत्काळ मिटली तर चिखल पातळ, रोपे बुडतील. अजिबात मिटली नाही तर सुकला, रोपे उभी राहणार नाहीत. हळूहळू मिटली तर यंत्र उतरवा. पाणी त्या वेळी १ ते २ सेंटिमीटरच असू द्या.

हाताने लावताना २० बाय १५ सेंटिमीटर, दोन ते तीन रोपे, ३ सेंटिमीटरपेक्षा खोल नको. खोल लावलेल्या रोपाला फुटवे उशिरा येतात आणि सगळे शेत एकदम पिकत नाही, ज्याचा त्रास पुढे ओलाव्याच्या वेळी होतो. तरवा ३० दिवसांच्या वर गेला असेल तर अंतर १५ बाय १५ करा, कारण जुना तरवा फुटत नाही. नांग्या आठवड्याच्या आत भरा.

खत आणि पाणी

सुधारित वाणांना हेक्टरी १००:५०:५० किलो नत्र, स्फुरद, पालाश अशी शिफारस आहे. आपल्याकडे हेक्टरचे शेत कुणाचे? म्हणून १००० चौरस मीटरचा हिशेब: चिखलणीच्या शेवटी १५:१५:१५ हे मिश्र खत ३३ किलो, लावणीनंतर १५ दिवसांनी युरिया ५.५ किलो, लोंबी धरण्याच्या सुरुवातीला पुन्हा युरिया ५.५ किलो. बस्स. रोप काळेभोर हिरवे दिसावे म्हणून जास्तीचा युरिया टाकला की डिसेंबर-जानेवारीच्या दवाच्या रात्रींत करपा हमखास येतो: पानावर होडीच्या आकाराचे, मध्ये राखी आणि कडेला तपकिरी ठिपके. युरिया देण्यापूर्वी पाणी काढा, तण काढा, खत द्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी घ्या. वाहत्या पाण्यात दिलेला युरिया खालच्या शेजाऱ्याला मिळतो.

पाण्याचा हिशेबही एकदा कागदावर करा. उन्हाने उडणारे आणि जमिनीत मुरणारे मिळून दिवसाला ८ ते १० मिलिमीटर धरले तर १००० मीटरला रोज ८ ते १० हजार लिटर. तासाला २० हजार लिटर देणारा पंप अर्धा तास चालला की भागते. जमीन रेताड असेल तर याच्या दीडपट. पाळी चार दिवसांनी येत असेल तर शेतात ५ सेंटिमीटर पाणी भरून ठेवावे लागते, आणि तेवढे पाणी थोपवणारी मेर आधी लिंपून घ्यावी लागते. खेकड्यांची बिळे बुजवल्याशिवाय पाट कितीही आला तरी पुरत नाही.

तणासाठी लावणीनंतर १५ ते २० दिवसांनी बिसपायरिबॅक सोडियम १० टक्के, १००० मीटरला २० ते २५ मिली, पाणी काढून फवारा आणि दोन दिवसांत पाणी परत घ्या. कोनोवीडर (ढकलून तण काढायचे अवजार) असेल तर औषधाची गरज बऱ्याचदा पडत नाही.

खोडकिड्यासाठी दर आठवड्याला वीस चुडे (एका जागी लावलेल्या रोपांचे झुपके) तपासा. मधला पोंगा सुकलेला, ओढल्यावर सहज हातात येणारा, असे फुटवे शेकडा पाचाच्या वर गेले तर क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल ०.४ टक्के दाणेदार १००० मीटरला १ किलो द्या. शेतात ३ ते ५ सेंटिमीटर पाणी हवे आणि ते तीन-चार दिवस बाहेर सोडू नये. व्हाळात मासे आणि त्यावर चालणारी पोटे आहेत. फुलोऱ्यानंतर पांढऱ्या लोंब्या दिसल्यावर औषध मारून काही मिळत नाही.

कापणी, ओलावा, वजन

शेकडा ८० ते ८५ दाणे पिवळे झाले, लोंबीच्या बुडाशी थोडे हिरवे उरले की कापा. त्याआधी दहा दिवस पाणी तोडलेले असावे, नाहीतर कंबाईन (कापणी-मळणीचे यंत्र) रुतते आणि मालक पाहूनच परत फिरतो. वहीत निम्म्या फुलोऱ्याच्या तारखा असतील तर त्यात ३० दिवस मिळवून गटाचा कापणीचा आठवडा तीन आठवडे आधी सांगता येतो, आणि यंत्र ठरवताना सलग किती हजार मीटर मिळतील हा आकडा तुमच्या हातात असतो. घासाघीस याच आकड्यावर होते.

उत्पन्नाचा अंदाज: पाच ठिकाणी एक-एक चौरस मीटर कापून मळा आणि सरासरी काढा. सरासरी ४५० ग्रॅम आली तर १००० मीटरला ४५० किलो. गळ आणि यंत्रातली नासाडी १० टक्के वजा करा. शेताच्या मध्यावरची हिरवीगार जागा निवडून कापलेला नमुना स्वतःलाच फसवतो.

आता भावाचा गाभा. कंबाईनमधून निघालेल्या भातात २० ते २४ टक्के ओलावा असतो. सरकारी खरेदीची मर्यादा १७ टक्के, साठवणीसाठी १४ टक्के, बियाण्यासाठी १२ ते १३. २२ टक्क्यांचे ४५० किलो भात १७ टक्क्यांवर आणले की ४२३ किलो भरते, १४ वर ४०८. कुणी शेतातूनच ओले भात उचलायला आला तर त्याच्या भावाची तुलना कोरड्या भावाशी करू नका: कोरड्याला २३ रुपये मिळत असतील तर २२ टक्क्यांच्या ओल्याची तीच किंमत २३ गुणिले ४२३ भागिले ४५०, म्हणजे २१ रुपये ६० पैसे. त्यातून वाळवणीची मजुरी वाचते तेवढी सूट द्यायला हरकत नाही, त्याहून जास्त नको.

ओलावा मोजायचा मीटर नसेल तर काचेच्या कोरड्या बाटलीत थोडे सुके मीठ आणि तिप्पट भात घालून पाच मिनिटे हलवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. वाळवताना थर ३ ते ५ सेंटिमीटर, दर अर्ध्या तासाने फिरवा. एप्रिलच्या दुपारी पातळ थर डांबरी रस्त्यावर टाकला की दाण्याला आतून तडे जातात. ते गिरणीत कणी होऊनच दिसतात. सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी वाळवा, भर दुपारी ढीग करून झाका.

कुठे, कशा रूपात विकायचे

२०२५-२६ च्या खरेदी हंगामासाठी केंद्राचा किमान आधारभूत दर साध्या भाताला क्विंटलमागे २३६९ रुपये आणि ‘अ’ दर्जाला २३८९ रुपये ठरला होता. आदल्या हंगामात साध्याला २३०० होता. दर्जाच्या अटीत ओलाव्याबरोबर माती-खडा १ टक्का, काडीकचरा १ टक्का, कच्चे-सुरकुतलेले दाणे ३ टक्के अशा मर्यादा असतात. पळंज वाऱ्यावर उफणून काढले की यातले बहुतेक सुटते. गोवा सरकारचा आधारभूत दर वेगळा असतो आणि तो मिळवायला कृषी कार्ड लागते. कार्डावर वायंगणाचे क्षेत्र नोंदलेले आहे ना, हे विभागीय कृषी कार्यालयात लावणीच्या वेळीच पाहून घ्या. सरदाचेच क्षेत्र नोंदलेले असले तर दुसऱ्या पिकाच्या पावत्या अडतात.

ज्योती असेल तर उकडे तांदूळ करून विकण्याचा पर्याय असतो; पेज आणि जेवणाला लाल उकड्याची मागणी घरोघर आहे. पण हिशेब केल्याशिवाय भट्टी पेटवू नका. १०० किलो सुक्या भातातून साध्या गिरणीत ६२ ते ६६ किलो तांदूळ निघतो, ६४ धरा. उकडणे, वाळवणे, भरडणे आणि ने-आण यांना क्विंटलमागे ५०० रुपये लागतात असे धरले, तर २३६९ च्या बरोबरीला यायला तांदळाला किलोमागे (२३६९ + ५००) भागिले ६४, म्हणजे ४४ रुपये ८३ पैसे मिळायला हवेत. ५० ने गेला तर क्विंटलमागे ३३१ रुपये जास्त सुटतात, ४४ ने गेला तर ५३ रुपये अंगावर पडतात. तुमच्या गिरणीचा खर्च आणि उतारा घालून हाच हिशेब पुन्हा करा. तांदूळ करून विकल्यावर भाताची खरेदी पावती हाती राहत नाही, म्हणून सरकारी दराचा जो फरक मिळाला असता तोही खर्चाच्या बाजूला लिहा. कणी आणि कोंडा मात्र जमेला येतात. ज्याच्या गोठ्यात गुरे आहेत त्याला उकड्याचे गणित जास्त जुळते.

विकताना माप किलोतच घ्या. खंडी-कुडवाचा हिशेब आठवणींसाठी ठीक आहे, पण कुडवाचे वजन भाताच्या ओलाव्याप्रमाणे आणि वाणाप्रमाणे बदलते. रिकामा कट्टा (पोते) आधी काट्यावर ठेवा आणि तेवढेच वजन कापू द्या, ‘कट्ट्यामागे एक किलो’ असे ठोकळ नको. पावतीवर वाण, ओलावा, निव्वळ वजन, दर आणि कृषी कार्डाचा नंबर आहे का ते तिथेच वाचा. दुरुस्ती काट्याजवळ पाच मिनिटांत होते, नंतर कार्यालयात तीन फेऱ्या लागतात. पुढच्या वर्षाचे बियाणे ठेवायचे असेल तर ते विक्रीचा ढीग होण्याआधी, शेताच्या एकसारख्या पिकलेल्या मधल्या भागातून वेगळे कापून ठेवा.